नर्सबाई ८२ व्या वर्षी परत गायला लागली: अल्बर्टा हंटर

मालू_सिस्टर (धागाकर्ती)

गेल्या ३१ मे ला मी रिटायर झाले. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची सहा इन्चार्ज सिस्टर म्हणून. ३१ मेच का, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकला. आमच्या हॉस्पिटलात त्या दिवशी एकाच शालींच्या गठ्ठ्यातून चौघांचे निरोप उरकले. आई म्हणते, तू दिवाळीच्या आसपासची, तीही पुढच्या सालची. म्हणजे माझी चांगली दीड वर्षाची नोकरी गुरुजींनी खाल्ली.

"नुसती बसून राहू नकोस" म्हणून मुलाने मोबाइलमध्ये जुन्या अमेरिकन जाझ गाण्यांची यादी टाकून दिली. भांडी घासताना ऐकत होते. एक आवाज लागला आणि नळ बंद केला. बाई म्हातारी आहे हे पहिल्या ओळीत कळतं. पण म्हातारं माणूस जसं आपल्याला सांभाळून घ्या म्हणून गातं, तसं काही नाही. उलट तीच आपल्याला सांभाळून घेतेय असं वाटतं. नाव बघितलं, अल्बर्टा हंटर. मग वाचत गेले, तर हिने माझ्या नेमकं उलटं केलेलं.

जन्म १ एप्रिल १८९५, मेम्फिस. पोरवयात घरातून पळून शिकागोला गेली, एका खाणावळीत बटाटे सोलायच्या कामाला लागली आणि तिथून गुत्त्यांमध्ये गायला. पुढे ड्रीमलँड कॅफे, किंग ऑलिव्हरचा ताफा. 'डाउनहार्टेड ब्लूज' हे गाणं तिने लव्ही ऑस्टिनबरोबर रचलं, १९२२ मध्ये स्वतः गायलं. १९२३ मध्ये तेच बेसी स्मिथने गायलं आणि बेसीचं नाव देशभर झालं. १९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला पॉल रोबसनबरोबर 'शो बोट' हे संगीत नाटक. मग पॅरिस, मग युद्धात सैनिकांसाठी दौरे. आणि १९५४ मध्ये आई गेली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत हिने गाणं ठेवून दिलं.

नर्सिंगला जायचं ठरवलं तेव्हा वय साठीच्या पुढे. घेणार कोण? हिने सरळ बारा वर्षं कमी सांगितली. शाळेचा दाखलाही 'जमवला'. १९५७ मध्ये प्रॅक्टिकल नर्सचं लायसन्स काढलं, आणि न्यूयॉर्कला नदीतल्या बेटावर गोल्डवॉटर मेमोरियल म्हणून हॉस्पिटल होतं, तिथे लागली. जुनाट दुखण्यांच्या पेशंटचं हॉस्पिटल. ज्यांनी क्रॉनिक वॉर्ड काढलाय त्यांना सांगायला नको. दोन-दोन तासांनी कूस बदला, पाठ बघा, तोच पेशंट तीन-तीन वर्षं, त्याच्या नातेवाइकांची नावं आपल्याला पाठ आणि नातेवाईक मात्र येत नाहीत. असं वीस वर्षं. बरोबरच्या बायकांना ही कोण होती याचा पत्ता नव्हता.

१९७७ मध्ये हॉस्पिटलने सांगितलं, बाई, तुमची सत्तरी झाली, नियमाप्रमाणे आता घरी. तेव्हा ती ८२ ची होती!

त्याच ऑक्टोबरात ती ग्रेनिच व्हिलेजमधल्या 'द कुकरी' नावाच्या ठिकाणी गायला उभी राहिली. बोलावणं काही आठवड्यांचं होतं, ती शेवटपर्यंत तिथे गात राहिली. १७ ऑक्टोबर १९८४ ला गेली, ८९ व्या वर्षी.

कुकरीतलं चित्रीकरण नेटवर आहे, जरूर बघा. कानात मोठ्या रिंगा, हाताने मांडीवर ठेका. आणि गाता गाता पुढच्या टेबलाकडे अशी वाकून बघते, जसं आपण सलाईनचे थेंब मोजता मोजता विचारतो, "काय आजोबा, जेवलात का?" मला तर वाटतं ती वीस वर्षं गाण्यातून वजा झालीच नाहीत. ती तिथे माणसांकडे बघायला शिकली. तुम्हाला काय वाटतं?

—

झपताल

छान लिहिलंय ताई. ते गुरुजी आमच्याकडेही होते. घरात वडील, काका आणि आत्या, तिघांचा वाढदिवस १ जून.

एक शंका. ही ब्लूजवाली ना, काळ्या अमेरिकनांची ती गाणी? जाझ कुठे आलं यात?

—

मालू_सिस्टर

मी काही जाणकार नाही. पण १९२४ मध्ये ती लुई आर्मस्ट्राँगबरोबर रेकॉर्ड करून बसलीय, 'रेड ऑनियन जाझ बेबीज'च्या नावाने. तिथे स्वतःचं नाव न लावता 'जोसेफिन बीटी' लावलंय, कारण करार दुसऱ्या कंपनीशी होता. ते नाव बहिणीचं! कागदपत्रांच्या बाबतीत बाई पहिल्यापासूनच मोकळी.

—

उलटतपासणी

सगळे गहिवरले असतील तर थोडं स्पष्ट बोलू का?

मी तिच्या १९७८ नंतरच्या तबकड्या ऐकल्या आहेत. आवाज खरखरीत आहे, लांब स्वर टिकत नाही, वरच्या जागा ती टाळते. हेच कुणा चाळिशीतल्या बाईने गायलं असतं तर तुम्ही नळ बंद केला असता का? ८२ वर्षांची नर्स गाते ही बातमी आहे. टाळ्या बातमीला पडतात. आपल्याकडे सत्काराच्या कार्यक्रमात बुवांना दोन माणसं धरून आणतात, ते अर्धा अंतरा म्हणतात, आणि सभागृह उभं राहतं. थांबा म्हणायची कुणाची छाती होत नाही. यात त्या कलाकाराचा मान राहतो असं मला वाटत नाही.

—

चहा_नंतर

आला! धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसतेय.

—

स्वरयंत्रवाली

मी वाचा-उपचार तज्ज्ञ आहे, रोज घशांशीच गाठ. उलटतपासणी यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

वयाबरोबर स्वरतंतूंचा स्नायू बारीक होतो. दोन तंतू मधे नीट मिटत नाहीत, फट राहते, त्यातून हवा निसटते. तीच ती खरखर आणि धाप. गळ्यातल्या कूर्चा कडक होतात, बरगड्यांचा भाता पूर्वीसारखा फुलत नाही, म्हणून लांब स्वर टिकत नाही. बायकांचा आवाज पाळी गेल्यावर खाली येतो, पुरुषांचा उतारवयात थोडा वर चढतो. फोनवर आजोबांना 'आजी' म्हणून हाक मारणारी नातवंडं उगाच नसतात.

आता प्रश्न असा की हे सगळं झाल्यावर कुठलं गाणं उरतं. ऑपेराच्या गायिकेला ठरलेल्या स्वरात ठरलेली जागा घ्यावीच लागते, ती गेली की भूमिका गेली. जाझमध्ये तसं नाही. पट्टी उतरवा, कुणी विचारत नाही. काळी चारची गायिका काळी दोनवर आली तर पियानोवाला मुकाट्याने खाली येतो. ब्लूजला तर फार मोठा पल्लाही लागत नाही, बरीचशी गाणी सप्तकभरात बसतात. आणि सर्वात मोठी सोय म्हणजे ओळ कुठे तोडायची ते गाणाऱ्याच्या हातात. श्वास अपुरा असेल तर शब्द लवकर सोडायचा, पुढचा मात्रेच्या अंमळ मागे ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय थांबलीय! ती थांबलेली असते दम घ्यायला. पण कुठे थांबायचं हे साठ वर्षं गायल्याशिवाय कळत नाही.

तिच्या साथीचा पियानोवादक जेराल्ड कुक फक्त याच कानाने ऐका. ती जिथे ओळ सोडते तिथे तो आधीच पोचलेला असतो.

—

मालू_सिस्टर

@स्वरयंत्रवाली, दंडवत. सातआठ वेळा ऐकलं पण पियानोकडे लक्षच गेलं नव्हतं. आज तेवढंच ऐकते.

—

उलटतपासणी

मान्य, माहिती उत्तम. पण मग तुम्हीच म्हणताय की उणीव झाकायचं कसब म्हणजे कला. मला ते कसब वाटतं.

आणि वयाचंच म्हणाल तर जाझ गायिका बिली हॉलिडेची 'लेडी इन सॅटिन' ऐका. १९५८ ची. बाई ४२ ची होती आणि आवाज सत्तरीचा. दारू, हेरॉइन, सगळ्याने चिरडलेला. लोक त्या तबकडीवर जीव टाकतात. मला ती ऐकवत नाही. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकल्यासारखं वाटतं. पुढच्या वर्षी ४४ व्या वर्षी ती गेली.

—

झपताल

मला 'लेडी इन सॅटिन' भयंकर आवडते. पण भिंतीला कान लावण्याचं जे म्हणालात ते खटकलं आणि पटलंही. राग येतोय तुमचा.

—

फेडरवर_बोट

मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो, गायनाच्या कार्यक्रमांनाच जास्त. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, माईक.

१९२२ ची तिची रेकॉर्ड ऐका आणि १९७८ ची ऐका. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणाला माईकच नव्हता. समोर मोठा कर्णा असायचा, त्यात तोंड घालून गायचं. त्या आवाजाच्या जोराने सुई मेणावर चर पाडायची. हळू गायलात तर चरच पडत नाही. म्हणजे सत्तावीस वर्षांची अल्बर्टा तिथे गाते आहे असं नाही, ती हाका मारते आहे. गुत्त्यात तेच, शंभर पिणाऱ्यांच्या गलक्यावरून आवाज काढायचा.

कुकरीत तिच्या समोर माईक आहे आणि लोक आठ फुटांवर आहेत. ती पुटपुटली तरी पोचतं. उलटतपासणी साहेब, तरुणपणी जे तिला करताच आलं नसतं ते तिला म्हातारपणी करता आलं. हे झाकणं नाही.

बादवे, म्हातारे गायक माईकवर कसे असतात हे मी रोज बघतो. तरुण मुलं 'काका, मॉनिटर वाढवा' म्हणून ओरडतात. ज्येष्ठ मंडळी मान दोन बोटं मागे घेतात, काम झालं. मला फेडरला, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीला, हात लावावा लागत नाही.

—

हडसन_पार

न्यू जर्सीहून. ते गोल्डवॉटर हॉस्पिटल आता नाही. रूझवेल्ट आयलंडवर होतं, २०१३ च्या अखेरीस बंद झालं, पाडलं, आणि त्या जागी २०१७ मध्ये कॉर्नेल टेकचं कॅम्पस उघडलं. मॅनहॅटनहून पाळण्यासारखी ट्राम जाते. मी त्या कॅम्पसमध्ये एका कॉन्फरन्सला गेलोय, काचेच्या इमारती आणि लॅपटॉप उघडून हिरवळीवर बसलेली पोरं. तिथे कधीकाळी ही बाई कुणाची तरी कूस बदलत होती हे तेव्हा माहीत असतं तर सँडविच जरा हळू खाल्लं असतं. तिचं शेवटचं घरही त्याच बेटावर होतं.

कुकरीच्या मालकाबद्दल थोडं. बार्नी जोसेफसन. याने १९३८ मध्ये 'कॅफे सोसायटी' काढलं, काळे-गोरे एकाच टेबलावर बसतील असं. न्यूयॉर्कमध्येसुद्धा तेव्हा हे आक्रीत होतं. बिली हॉलिडेने झाडाला लटकवलेल्या माणसांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं तिथेच १९३९ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे म्हटलं. त्यामुळे अल्बर्टाला बोलावणारा माणूस काही म्हातारीचं प्रदर्शन मांडणारा नव्हता, ज्याला गाणं कळतं असा होता.

आता माझं स्वतःचं. जाझ गायिका शीला जॉर्डनला मी न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या क्लबात ऐकलंय, नव्वदी पार केल्यानंतर. जन्म १९२८, निधन ऑगस्ट २०२५ मध्ये. तिचीही गोष्ट मालूताईंच्या धाग्यात बसते, कारण या बाईने अनेक वर्षं ऑफिसात टायपिंग करून पोट भरलं, मुलगी एकटीने वाढवली, आणि गाणं रात्री. साठीच्या जवळ आल्यावर नोकरी सुटली तेव्हा कुठे पूर्णवेळ गायला लागली. म्हणजे आपण ज्या वयात पेन्शनचे कागद करतो त्या वयात तिचं करिअर सुरू.

त्या रात्री नुसता बास आणि ती. पियानो नाही, ड्रम नाही. हा प्रकार तिनेच रुजवला म्हणतात. मधे एका गाण्यात ती शब्द विसरली. विसरली हे आम्हाला तिनेच सांगितलं, त्याच चालीत, त्याच तालात: बघा, मी विसरले, आता काय करू, बासवाल्याला विचारते. सगळं क्लब हसलं, आणि ती हसता हसता बरोबर समेवर मूळ ओळीत उतरली. मी तिथे दया-बिया म्हणून टाळी वाजवली नाही हे छातीवर हात ठेवून सांगतो.

—

चहा_नंतर

समेवर उतरली 😍 आमच्या सासूबाई कीर्तनात बुवा हे करतात ते सांगतात.

—

उलटतपासणी

@हडसन_पार, शीला जॉर्डनबद्दल वाद नाही. तिने आयुष्यात कधी गाणं थांबवलंच नाही. माझा आक्षेप परत आणून उभं करण्याला आहे. अमेरिकन गायक टोनी बेनेटचं घ्या. ३ ऑगस्ट २०२१, रेडिओ सिटी म्युझिक हॉल, ९५ वा वाढदिवस. अल्झायमर झालेला माणूस. लेडी गागाबरोबर दोन रात्री. याची परवानगी त्याने दिली असं म्हणायचं तरी कसं?

—

स्वरयंत्रवाली

हा प्रश्न खरा आहे, मी टाळणार नाही. सून-मुलं दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर आजोबांना 'म्हणा ना ते' म्हणून उठवतात, आणि आजोबा गोंधळतात, ते मी पाहिलंय. वाईट वाटतं.

पण बेनेटचं थोडं वेगळं. पाठ झालेलं गाणं मेंदूत जिथे बसतं तिथे हा आजार बऱ्याचदा उशिरा पोचतो. माझ्याकडे एक आजी येतात, सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, हरिपाठ अडखळत नाही. बेनेटला त्या दिवसांत गागाचं नाव आठवत नसायचं. पियानो सुरू झाला की अख्खं गाणं यायचं. स्टेजवर तिला बघून त्याने तिचं नाव घेतलं तेव्हा ती रडवेली झाली होती. मी म्हणेन, घरी खुर्चीत बसवून ठेवण्यापेक्षा त्या दोन रात्री बऱ्या. तिसरी नसावी. आणि तिसरी झाली नाही.

—

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्या लॉर्नाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?

लॉर्ना कोर्देरो. मुंबईच्या नाइटक्लबांत ख्रिस पेरीच्या बँडबरोबर गायची, साठ-सत्तरच्या दशकात. गाणी कोंकणी, अंग सगळं जाझ-स्विंगचं. गोव्यात असं घर नाही जिथे तिची गाणी लग्नात वाजत नाहीत. आणि ऐन भरात असताना गप्प झाली. पेरीशी करार होता, त्याच्याशिवाय गाता येईना. वीसेक वर्षं. लोकांना वाटायचं, गेली बिचारी.

१९९५ मध्ये परत आली, रॉनी मोन्सेरातने तिच्यासाठी नवीन गाणी बांधली. त्या वेळी मी कॉलेजात होतो. माझे बाबा, जे कधी कुठल्या शोला गेले नाहीत, ते मिरामारच्या कार्यक्रमाला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तोच ताळो." तोच आवाज. खरं तर तोच नव्हता, थोडा जाड झाला होता. पण बाबांना सांगणार कोण.

उलटतपासणीबाब, तुम्ही म्हणता परत आणून उभं करू नये. तिला उभं राहायचं नव्हतं म्हणून ती बसली नव्हती रे. बसवली होती.

—

झपताल

+१. शेवटची ओळ 🙏

याच ओघात, आशा पुथली. मुंबईची पोरगी, जाझवाल्या ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीवर दोन गाणी गायली सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मग जाझ सोडून डिस्कोत गेली, मग दिसेनाशी झाली. २०२४ मध्ये ग्लास्टनबरीला स्टेजवर, ७९ व्या वर्षी. समोर नातवंडांच्या वयाचा जमाव. मी क्लिप बघितली, पोरं नाचत होती.

—

हडसन_पार

अवांतर: अल्बर्टा हंटर भारतातही येऊन गेलीय! म्हणजे चीन-बर्मा-हिंदुस्थान आघाडीवर, १९४४ मध्ये, अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी. ताफा सगळा कृष्णवर्णीय, कारण तेव्हा फौजेत पलटणी वेगळ्या तशी करमणूकही वेगळी. आसामातल्या लेडोहून जो रस्ता जंगलातून काढला त्यावर राबणारे अमेरिकन जवान बहुतांश काळेच होते. ४९ वर्षांची बाई, त्या पावसात आणि डासांत.

—

मालू_सिस्टर

बापरे, हे माहीत नव्हतं. मग तिला वॉर्ड काय जड जाणार.

काल रात्री दोन्ही 'डाउनहार्टेड ब्लूज' पाठोपाठ ऐकली, फेडरवर_बोट यांनी सांगितलं तशी. १९२२ ची ऐकताना खरखरीतून आवाज शोधावा लागतो, आणि पोरगी तक्रार करतेय, माझं कसं झालं बघा. ७८ ची तेच शब्द म्हणते, पण तक्रार नाही. जणू पेशंटची हिस्ट्री सांगतेय: असं असं झालं, अमुक वर्षी, आता बरं आहे. पियानोही ऐकला. खरंच आधी पोचलेला असतो.

व्हाइट हाउसचाही एक किस्सा सापडला. कार्टर अध्यक्ष असताना बोलावणं आलं, तर ती म्हणाली, तो माझा सुट्टीचा दिवस आहे, येत नाही. पुढे डिसेंबर १९७८ मध्ये गेली आणि गायली. वीकली ऑफ म्हणजे काय चीज असते ते नर्सलाच कळतं.

—

उलटतपासणी

किस्सा आवडला. एवढं कबूल करतो की काल मीही परत ऐकलं, आणि या वेळी वय विसरून. तीन गाणी सहन झाली. चौथं आवडलं. वरच्या जागा टाळते हे माझं म्हणणं कायम आहे.

पण मालूताई, तुमच्या सिद्धांताला एक भोक पाडतो. ती वीस वर्षं गप्प नव्हती. १९६१ मध्ये, नोकरीत असताना, तिने दोनदा रेकॉर्डिंग केलंय. एकदा व्हिक्टोरिया स्पिव्ही आणि ल्युसिल हेगामिनबरोबर, एकदा जुनी मैत्रीण लव्ही ऑस्टिनबरोबर. म्हणजे माणसांकडे बघणं वगैरे ठीक, गळाही तिने मधे तपासून ठेवला होता.

—

मालू_सिस्टर

अरे देवा. हे वाचलंच नव्हतं. मान्य, सिद्धांत मागे.

पण मला आता वेगळीच चिंता लागली. रजा कुठली टाकली असेल हो तिने? कॅज्युअल म्हणावी तर कारण काय लिहिणार, मेडिकल म्हणावी तर सर्टिफिकेट लागतं. आणि वॉर्डात कुणाला पत्ता लागला नाही म्हणजे कमालच. मी एकदाच केलाय हा उद्योग. नाट्यसंगीताची स्पर्धा होती, मेडिकल टाकली, घसा बसलाय म्हणून. पडदा वर गेला तर पहिल्या रांगेत आमच्या मेट्रन!

दुसऱ्या दिवशी काही बोलल्या नाहीत. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं त्याचं अभिनंदनही केलं. फक्त पुढचे पंधरा दिवस नाइट लावली.